स्पॅनिश वाक्यं जोडताना: 'तर', 'तरी' आणि 'म्हणून' कुठे ठेवायचे, कुठे सोडायचे

स्पॅनिश शिकायला लागल्यावर सुरुवातीला सगळेच छोट्या छोट्या वाक्यांत बोलतात. मी नाशिकला राहते. मला कॉफी आवडते. आज पाऊस आहे. मी बाहेर जात नाही. एकेक वाक्य बिनचूक असतं, पण ऐकणाऱ्याला ते तुटक वाटतं आणि बोलणाऱ्यालाही आपल्याला भाषा येतेय असं वाटत नाही. ही वाक्यं सांधणारी उभयान्वयी अव्ययं स्पॅनिशमध्ये काही ढीगभर नाहीत. रोजच्या बोलण्याला दहा-बारा पुरतात आणि ती एका बैठकीत पाठ होतात. खरी अडचण पाठांतरात नाही.

अडचण अशी, की मराठीतले जोडशब्द जोडीने चालतात. जर आला की मागून तर येतो, जरीबरोबर तरी, जेव्हाबरोबर तेव्हा, जोपर्यंतबरोबर तोपर्यंत. स्पॅनिशला एकच शब्द लागतो. तो एका अर्ध्या वाक्याच्या तोंडाशी बसतो आणि दुसरं अर्धं वाक्य मोकळं राहतं. मराठी विद्यार्थ्यांच्या स्पॅनिशमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या बऱ्याच चुका या एका फरकातून येतात. इंग्रजीतून लिहिलेल्या पाठ्यपुस्तकांत त्यांच्याबद्दल काही सापडत नाही, कारण त्या चुका इंग्रजी बोलणाऱ्याच्या नाहीतच. म्हणून इथे सगळं मराठीच्या बाजूने बघू.

उच्चारांचं आधी सांगते. खालची स्पॅनिश वाक्यं लॅटिन अमेरिकेत ऐकू येतात तशी देवनागरीत लिहिली आहेत. लिखाणातला व्ही तोंडी ब होतो, जोड-एलचा य होतो, एच मुका असतो आणि जे घशातून ख सारखा निघतो. प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणा आणि मग तुमच्या पुस्तकातून त्याचं स्पेलिंग वहीत उतरवून घ्या.

पायरी १: इ, ओ आणि नि

'आणि'साठी इ. यादी करताना शेवटच्या दोन वस्तूंच्या मध्ये एकदाच येतो, आणि त्याच्या आधी स्वल्पविराम देत नाहीत: कोम्प्रे पान, लेचे इ उएबोस, म्हणजे मी पाव, दूध आणि अंडी घेतली.

पुढचा शब्द इ या आवाजानेच सुरू होत असेल, तर दोन इ एकमेकांत मिसळून जातात. तिथे इ चा ए होतो. सुई आणि दोरा म्हणजे आगुखा ए इलो. बाप आणि मुलगा म्हणजे पाद्रे ए इखो. १४६९ साली लग्न झालेल्या स्पेनच्या प्रसिद्ध राजा-राणीची नावं घेताना हा नियम नेमका दिसतो: राणीचं नाव आधी घेतलं तर इसाबेल इ फेर्नांदो, राजाचं आधी घेतलं तर फेर्नांदो ए इसाबेल. हा ए काही नवा नाही. लॅटिनमधल्या 'एत'पासून आलेला तो जुना शब्द आहे, जुन्या कास्तीलियन (म्हणजे स्पॅनिश) हस्तलिखितांत सर्रास सापडतो, आणि पोर्तुगीजमध्ये 'आणि'साठी आजही तोच वापरतात.

नियम कानाचा आहे, स्पेलिंगचा नाही. बर्फ या अर्थाचा शब्द लिहिताना एच आणि आय ने सुरू होतो, पण उच्चार येलो असा आहे. त्यामुळे पाणी आणि बर्फ हे आग्वा इ येलो असंच राहतं. तसंच, 'आणि इसाबेल कुठेय?' अशा अर्थाने नुसतं विचारलं तर ¿इ इसाबेल? हेच बरोबर, कारण तिथला इ जोर देऊन म्हटला जातो.

'किंवा'साठी ओ. मराठीत प्रश्नात 'की' येतो (चहा की कॉफी?), विधानात 'किंवा' येतो, सरकारी अर्जात 'अथवा' येतो. स्पॅनिश सगळीकडे ओ वर भागवते: ¿ते ओ काफे? पुढचा शब्द ओ ने सुरू झाला तर याचा उ होतो: सिएते उ ओचो (सात किंवा आठ), प्लाता उ ओरो (चांदी किंवा सोनं). जुन्या पुस्तकांत दोन आकड्यांच्या मधल्या ओ वर आघातचिन्ह दिसेल. तो शून्य वाटू नये म्हणून तसं लिहायचे. स्पेनच्या भाषा अकादमीने २०१० च्या लेखननियमांत ते काढून टाकलं, त्यामुळे तुम्ही देऊ नका.

नि जरा जपून. मराठी कानाला 'नि' म्हणजे आणि. स्पॅनिश नि त्याच्या उलट आहे, तो नकार जोडतो, आपल्या 'ना… ना…' सारखा. नो तेंगो नि तिएम्पो नि दिनेरो: माझ्याकडे ना वेळ आहे ना पैसा. इथे नि क्रियापदाच्या नंतर आला आहे म्हणून क्रियापदाआधी नो लागतोच. नि ची जोडी क्रियापदाच्या आधी आली तर नो गळतो: नि आना नि लुइस बिनिएरोन, ना आना आली ना लुइस.

पायरी २: पेरो की सिनो

'पण' म्हटलं की सगळ्यांना पेरो आठवतो, आणि बहुतेक ठिकाणी तो चालतोच. किएरो इर, पेरो नो प्वेदो: जायचंय, पण जमत नाही. पेरोच्या आधी स्वल्पविराम द्या. यातला र हलका आहे. तो दाबून म्हटलात तर पेर्रो होतो, म्हणजे कुत्रा.

पहिली गोष्ट खोडून तिच्या जागी दुसरी ठेवायची असेल तिथे मात्र पेरो चालत नाही, सिनो लागतो. नो एस ते, सिनो काफे: हा चहा नाही, तर कॉफी आहे. इथे मराठी आपल्या मदतीला येते. मराठी वाक्यात 'नाही' नंतर 'पण' आला तर पेरो, 'नाही' नंतर 'तर' आला तर सिनो. 'तो हुशार नाही, पण कष्टाळू आहे' यात पेरो. 'तो डॉक्टर नाही, तर वकील आहे' यात सिनो. 'फक्त… नाही, तर… सुद्धा' ही रचनासुद्धा याच साच्यात बसते: नो सोलो… सिनो तांबिएन…

सिनोच्या पुढे चालवलेलं (म्हणजे कर्ता आणि काळ यांप्रमाणे रूप बदललेलं) क्रियापद येणार असेल तर मध्ये के घाला: नो से फुए, सिनो के से केदो, तो गेला नाही, तर थांबला. आणि लिहिताना सिनो हा एक शब्द. तोडून लिहिला तर 'सि नो' होतो, म्हणजे 'नाही तर', आणि तिथे आवाजाचा जोर नो वर पडतो.

गोव्याच्या वाचकांसाठी एक सूचना. घरातल्या मोठ्यांकडून पोर्तुगीज कानावर पडली असेल, तर 'पण'साठी 'मास' तोंडात येईल. स्पॅनिशमध्ये 'मास' आहे, पण त्या अर्थाने तो पुस्तकी आणि कवितेतला. बाजारात मास म्हटलंत तर समोरचा 'अजून' असं समजेल आणि आणखी दोन संत्री पिशवीत टाकेल.

पायरी ३: जोडीतला दुसरा शब्द सोडा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. इथे घाई करू नका.

'जर पाऊस पडला तर मी जाणार नाही' याचं स्पॅनिश सि युएबे, नो साल्गो. 'जर'चा सि झाला. 'तर'चं काहीच झालं नाही, तिथे स्वल्पविराम आला. मराठी विद्यार्थी त्या मोकळ्या जागी एंतोन्सेस ('मग') घालतात, कारण काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. कधीमधी जोर द्यायला तो चालेल. पण प्रत्येक सि मागे एंतोन्सेस आला की बोलणं अडखळत चाललंय असं वाटतं. आणखी एक बघा: मराठीत आपण 'जर' खुशाल गाळतो (पाऊस पडला तर…) आणि 'तर' ठेवतो. स्पॅनिशमध्ये नेमकं उलट, आधीचा शब्द कधीच गाळता येत नाही.

आता आउन्के, म्हणजे 'जरी'. 'पाऊस पडत असला तरी मी निघतोय': आउन्के युएबे, साल्गो. इथे 'तरी'च्या जागी पेरो घालायचा मोह फार होतो. 'आउन्के युएबे, पेरो साल्गो' हे मला वर्गात सतत ऐकू येतं आणि ते चूकच आहे. आउन्के आला की पेरो नाही. पेरोच हवा असेल तर आउन्के काढा: युएबे, पेरो साल्गो. दोन्ही वाक्यं बरोबर, दोन्हीची मिसळ चूक.

आउन्केची एक सुंदर गोष्ट आहे, आणि ती मराठीत आधीपासूनच आहे. 'पाऊस पडतोय, तरी मी जातोय' आणि 'पाऊस पडला तरी मी जाईन' यांतला फरक बघा. पहिल्यात पाऊस डोळ्यांसमोर आहे, दुसऱ्यात तो येईल किंवा येणार नाही. पहिल्यासाठी स्पॅनिश साधं रूप घेते, आउन्के युएबे. दुसऱ्यासाठी सबजंक्टिव्ह, म्हणजे शक्यता किंवा इच्छा दाखवणारं क्रियापदाचं वेगळं रूप: आउन्के युएबा, साल्द्रे. ए चा आ झाला एवढंच, पण ऐकणाऱ्याला खिडकीबाहेर काय चाललंय ते कळलं.

कारण सांगताना दोन वाटा आहेत. परिणाम आधी आणि कारण नंतर असेल तर पोर्के: नो साली पोर्के योबीआ, मी गेलो नाही कारण पाऊस पडत होता. कारण आधी असेल तर वाक्याची सुरुवात कोमो ने करा: कोमो योबीआ, नो साली, पाऊस पडत होता म्हणून गेलो नाही. इथेही 'म्हणून'साठी वेगळा शब्द नाही. 'म्हणून' तोंडी हवाच असेल तर कोमो काढा आणि मध्ये आसि के घाला: योबीआ, आसि के नो साली. पोर्के सहसा वाक्याच्या सुरुवातीला घेत नाहीत, आणि 'पोर्के… पोर एसो…' (कारण… म्हणून…) अशी जोडी तर टाळाच. लिहिताना 'कारण' हा एक शब्द आणि 'का?' हे दोन शब्द, दुसऱ्यावर आघातचिन्ह. हा फरक परीक्षेत हमखास तपासतात.

'जेव्हा… तेव्हा…' साठी क्वांदो, आणि तेव्हा पुन्हा गायब. रोजची सवय सांगायची तर क्वांदो येगो आ कासा, कोमो: घरी पोचतो तेव्हा जेवतो. (हा कोमो म्हणजे 'मी जेवतो', वरचा जोडशब्द नव्हे.) पुढे घडायच्या गोष्टीसाठी क्वांदोमागे भविष्यकाळ येत नाही, सबजंक्टिव्ह येतो: क्वांदो येगेस, यामामे, पोचलास की फोन कर. यात चक्रावून जाण्यासारखं काही नाही. मराठीतही 'पोचशील की फोन कर' असं आपण म्हणत नाही, 'पोचलास की' म्हणतो. 'पोचल्या पोचल्या' हवं असेल तर क्वांदोऐवजी एन क्वांतो.

'जोपर्यंत… तोपर्यंत'साठी आस्ता के. नो मे बोय आस्ता के नो बेंगा: तो येत नाही तोपर्यंत मी जाणार नाही. मधला जास्तीचा नो बघून इंग्रजीतून शिकणारे गोंधळतात. मराठी माणसाला तो ओळखीचा वाटतो, कारण आपणही 'येत नाही तोपर्यंत' म्हणतो. तो नो ऐच्छिक आहे, आस्ता के बेंगा असंही चालतं.

विरामचिन्हांचं एकच सांगते. जोडशब्द असलेला भाग आधी आला तर त्यानंतर स्वल्पविराम, नंतर आला तर सहसा नको. आणि प्रश्न असेल तर उलटं प्रश्नचिन्ह वाक्याच्या सुरुवातीला नाही, प्रश्न जिथे सुरू होतो तिथे द्यायचं: सि तिएनेस तिएम्पो, ¿बिएनेस? वेळ असेल तर येतोस का?

पायरी ४: 'असतं तर'

'माझ्याकडे पैसे असते तर मी फिरलो असतो.' यालाच मराठी व्याकरणात संकेतार्थ म्हणतात. मराठीत दोन्ही अर्ध्यांत 'असते–असतो' अशी एकाच घाटाची रूपं येतात, म्हणून विद्यार्थी स्पॅनिशमध्येही दोन्हीकडे एकच रूप घालतात. स्पॅनिशमध्ये दोन वेगळी रूपं लागतात: सि तुबिएरा दिनेरो, बियाखारीआ. सि च्या बाजूला तुबिएरा (भूतकाळी सबजंक्टिव्ह), दुसऱ्या बाजूला रीआ ने संपणारं रूप. उत्तर स्पेनमध्ये, बास्क भागात आणि बुर्गोसच्या आसपास, लोक बोलताना सि च्या मागेही रीआ लावतात. कानावर पडेल, पण परीक्षेत ते चूक धरतात.

मराठी वाक्य आत्ताचं आणि होऊन गेलेलं अशा दोन्ही परिस्थितींना चालतं, स्पॅनिश दोन्ही वेगळं ठेवते. संधी होऊन गेली असेल तर सि उबिएरा तेनीदो दिनेरो, आब्रीआ बियाखादो. आणि एक नियम डोळे मिटून पाळा: सि च्या मागे वर्तमानकाळी सबजंक्टिव्ह कधीही नाही. आउन्के युएबा चालतं, सि युएबा चालत नाही.

याच सि चा दुसरा उपयोग 'का' किंवा 'की नाही' या अर्थाने होतो. नो से सि बिएने: तो येतोय की नाही, माहीत नाही.

पायरी ५: के

मराठी 'की' आणि स्पॅनिश के आवाजाने जवळचे आहेत, कामानेही. क्रेओ के बिएने: मला वाटतं की तो येतोय. फरक दोन.

पहिला म्हणजे मराठीत 'की' गाळता येतो (येतोय वाटतं, येतो म्हणाला). स्पॅनिशमध्ये के गाळायचा नाही. औपचारिक पत्रांत विनंतीच्या काही ठरावीक क्रियापदांनंतर तो गळलेला दिसेल, तिकडे तूर्त लक्ष देऊ नका.

दुसरा फरक मोठा आहे. 'तो म्हणाला की मी उद्या येतो.' मराठीत त्याचं बोलणं आपण त्याच्याच तोंडचं ठेवतो, 'मी' म्हणजे तो. हेच जसंच्या तसं स्पॅनिशमध्ये नेलं, दिखो के बेंगो मान्याना, तर अर्थ होतो: तो म्हणाला की मी (म्हणजे हे सांगणारी व्यक्ती) उद्या येणार. दोन माणसांची भेट चुकेल इतका हा घोळ आहे. पुरुष आणि काळ दोन्ही बदला: दिखो के बेनीआ मान्याना.

काही क्रियापदांना के च्या आधी दे लागतो: मे आलेग्रो दे के एस्तेस आकी, तू इथे आहेस याचा आनंद आहे. काहींना तो चालत नाही. ओळखायचं कसं? प्रश्न करून बघा. ¿दे के ते आलेग्रास? असा प्रश्न होतो, म्हणून उत्तरातही दे के. ¿के पिएन्सास? यात दे नाही, म्हणून 'पिएन्सो दे के' चूक. स्पॅनिश मातृभाषा असलेले लोकही इथे घसरतात, तरी तुम्ही घसरू नका.

पायरी ६: 'करावं' आठवा, सबजंक्टिव्ह येईल

सबजंक्टिव्ह म्हटलं की विद्यार्थी धास्तावतात, आणि देले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या बी-१ (मधल्या) पातळीपासून तो टाळताही येत नाही. माझं मत स्पष्ट आहे: मराठी माणसाने त्याला घाबरायचं कारण नाही, कारण आपल्याकडे विध्यर्थ आहे. यावं, करावं, कळावं.

तू यावंस असं मला वाटतं: किएरो के बेंगास. तुला कळावं म्हणून सांगतो: ते लो दीगो पारा के लो सेपास. मराठी वाक्यात 'आवं' आलं की स्पॅनिशमध्ये के किंवा पारा के, आणि पुढे सबजंक्टिव्ह. दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असेल तर मराठीत 'यायचंय', 'शिकायला' अशी रूपं येतात. तिथे स्पॅनिशही के सोडून मूळ क्रियापद घेते: किएरो बेनिर, मला यायचंय.

सगळ्या जागा यात बसत नाहीत. क्वांदो आणि आउन्के आपण वर पाहिले. नकारानंतरही सबजंक्टिव्ह येतो: नो क्रेओ के बेंगा, तो येईल असं वाटत नाही. पण बोलताना अर्ध्या सेकंदात निर्णय घ्यायचा असतो, तेव्हा 'आवं'ची खूण बहुतेक वेळा योग्य जागी नेते.

पायरी ७: जिथे जोडशब्दच नसतो तिथे

मराठी वाक्यं जोडायची सगळ्यात आवडती रीत अव्ययाची नाहीच, ती ऊन ची आहे. घरी जाऊन, जेवून, झोपलो. स्पॅनिश शिकणारे मराठी विद्यार्थी इथे आंदो–इएंदो वाली रूपं वापरतात आणि वाक्य बिघडतं, कारण ती रूपं एकाच वेळी चालणाऱ्या क्रियांची आहेत. मराठी त चं काम ती करतात: एंत्रो कान्तांदो, गात गात आत आला. ऊन साठी साधी क्रियापदं ओळीने मांडा आणि शेवटी इ: फुइ आ कासा, कोमी इ मे आकोस्ते. किंवा देस्प्वेस दे आणि मूळ क्रियापद: देस्प्वेस दे कोमेर, साली, जेवून निघालो.

सराव

आधी उत्तर झाका, स्पॅनिश मोठ्याने म्हणा, मग बघा.

भूक लागली असली तरी मी थांबतो. आउन्के तेंगो आम्ब्रे, एस्पेरो. (पेरो आला का मध्ये? काढा.)

दार बंद करून ये. सिएर्रा ला प्वेर्ता इ बेन.

तू जेवावंस म्हणून मी स्वयंपाक करते. कोसीनो पारा के कोमास.

हा माझा भाऊ नाही, तर मित्र आहे. नो एस मि एर्मानो, सिनो मि आमीगो.

वेळ मिळाला तर येते. सि तेंगो तिएम्पो, बोय.

आई म्हणाली की मी दमले. मि माद्रे दिखो के एस्ताबा कान्सादा. इथे एस्तोय आलं असेल, तर पाचवी पायरी पुन्हा वाचा आणि दिवसभरात घरच्यांनी म्हटलेली चार-पाच वाक्यं 'अमुक म्हणाली की' लावून स्पॅनिशमध्ये सांगून बघा.